तुटलेल्या तुकड्याच्या शब्दावर

१२ सप्टेंबर

नाही, मी येणार नाही. आणि परत विचारू नकोस.

विचारतेस तरी कसं गं, ताई? इतक्या वर्षांनी पत्र, आणि त्यात ओळी बोटांवर मोजण्याइतक्याच. घाट बंद व्हायच्या आत इकडे ये. तुझ्याशिवाय होणार नाही असं काम आहे. कागदावर नीट सांगता येत नाही. घाबरू नकोस, देव बघून घेईल. झालं. हे आमंत्रण आहे की खंडणी? मांजराला बोलावतानासुद्धा माणूस हातात काहीतरी धरतो.

आणि ते ‘देव बघून घेईल’ तुझं जुनंच आहे. तू म्हणायचीस देव बघून घेईल, दूध उतू जायचं, आणि गॅस मी बंद करायचे.

तू गेलीस तेव्हा बाबांना जाऊन किती दिवस झाले होते? भेटायला येणाऱ्यांच्या चपला अजून दारात होत्या. त्या चपलांमधून वाट काढत तू बॅग घेऊन निघालीस आणि मिशनच्या दवाखान्याच्या व्हॅनमध्ये बसलीस. त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत तुझ्यासाठी खास प्रार्थना केली. आपली कन्या अनोळखी वाटेनं निघाली आहे, प्रभू, तिला धैर्य दे. सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. मागे राहणारीला काही दे, असं कोणी मागितलंच नव्हतं.

मागे राहणारीनं काय केलं ते सांगते. बाबांच्या स्टुलावर बसले. कारखान्यात अजून तसंच आहे सगळं, दाराशी तोच नायलॉनचा वास, तीच लांब टेबलं. उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांचे, रंगाऱ्यांचे, टॉवरवर चढणाऱ्यांचे दोर. एका लॉटमधल्या सगळ्या तुकड्यांना अजून ‘बहिणी’च म्हणतात. त्यातली एक घ्यायची, मशीनवर तुटेपर्यंत ताणायची. ती किती ताणाला तुटली ते बघून बाकीच्यांवर शिक्का मारायचा. ती तुटते, तिच्या शब्दावर बाकीच्या जातात. तोडायचं काम माझं. माझ्या भरवशावर रोज किती लोक हवेत लटकत असतात, मोजलेलं नाही.

म्हणजे मला काम आहे. तुझ्या कामाची गरज नाही.

मला खरं एवढंच सांग, काय हवंय तुला? आणि आत्ताच का?

चौकशी

(बाबांनी ठेवलेलं नाव तू पत्रात वापरलंस. ते तुझ्या तोंडून नको होतं. पण आता वापरलंच आहेस, तर चौकशी होणार.)

२४ सप्टेंबर

उत्तर नाही आलं अजून. ठीक आहे. मी स्वतःच सुरुवात केली.

तुमचा व्हॅनवाला औषधं घ्यायला खाली येतो तो आमच्या गेटसमोरच्या दुकानातच, हे तू मला सांगितलं नव्हतंस. मी त्याला चहा पाजला. म्हटलं, सिस्टर कशा आहेत? म्हणाला, बऱ्या आहेत. बऱ्या म्हणजे? म्हणाला, चालतात, बोलतात. मी म्हटलं, तेवढं पोपटालाही जमतं. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “तुमच्यासारख्याच बोलतात. फक्त हळू.” मग मी विचारलं, मला बोलावलंय ते काम कसलं? आणि ताई, तो माणूस आपल्या बुटांकडे बघायला लागला. चहा संपेपर्यंत बूटच बघत होता. एवढे काही खास बूट नव्हते ते.

तेव्हा माझे अंदाज असे. एक तर तू आजारी आहेस आणि तुला उशाशी कोणीतरी हवंय. किंवा तू लग्न केलंयस, आणि ते कोणाला न विचारता केलंयस, म्हणून आता मला पुढे करून आईला समजवायचंय. किंवा तुमच्या दवाखान्यात माणसं टिकत नाहीत आणि तू बहिणीला फुकटात राबवायचं ठरवलंयस, वर सेवेचं गोड नाव देऊन. तिन्ही एकदम खरी असतील तरी मला नवल वाटणार नाही.

लग्नाचा संशय उगाच नाही. आई स्वेटर विणतेय. राखाडी, जाड, आणि खांद्यांत असा रुंद की कपाटाला घालावा. मी खोलीत आले की उशीखाली सारते. मी विचारलं कोणासाठी, तर म्हणाली, थंडीसाठी.

मग मी आईच्या मागावर गेले. हो, स्वतःच्या आईच्या. हस.

उपासना संपली की आई दर रविवारी म्हणते, तू हो पुढे, मी वेदीवरची फुलं आवरून येते. एवढ्याशा फुलदाणीला एवढा वेळ कसा लागतो हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मला हे लोक तपासनीस म्हणतात. या रविवारी मी व्हरांड्यातल्या सूचनाफलकामागे उभी राहिले. आई पाळकसाहेबांच्या खोलीत गेली. फोन लावला. मग नुसतं, “हं. हं. नाही, अजून नाही. भडकलीये. हं. ती आधी भडकते, मग जेवते, मग विचार करते. आता जेवणापर्यंत आलीये.”

मी आत गेले. आई दचकलीसुद्धा नाही. रिसीव्हर माझ्याकडे धरला आणि म्हणाली, ताई आहे, बोलतेस?

मी बोलले नाही. तू ऐकलं असशील माझं न बोलणं. मला फक्त तिकडून वाऱ्याचा आवाज आला. म्हणजे दर रविवारी तू घाटाखाली उतरून फोनपाशी येतेस, आणि दर रविवारी आई माझ्या पाठीमागे तुझ्याशी बोलते.

घरी येताना मी हेच म्हटलं तिला, माझ्या पाठीमागे. ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, “पाठीमागे नाही गं. तू पाठ फिरवलीस, मग आम्ही उभं राहायचं कुठं?”

 

८ ऑक्टोबर

तुझं पत्र मिळालं. या वेळी ओळी भरपूर.

मी ते तीनदा वाचलं आणि मग दिव्यासमोर धरलं, मागे काही आहे का बघायला. नव्हतं. तेव्हा जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर सांग.

दवाखाना दरीच्या अलीकडे, वस्ती पलीकडे. बर्फ पडलं की पलीकडची पायवाट बंद. मग आजारी माणूस, अडलेली बाई, भाजलेलं पोर अलीकडे आणायचा एकच रस्ता उरतो. दरीवर ताणलेला जाड दोर, आणि त्याला टांगलेला पाळणा. माणूस पाळण्यात बसवायचा आणि ओढायचा. तो दोर बघणारा म्हातारा उन्हाळ्यात वारला. आता सगळे म्हणतात, चालतोय की दोर. आणि तू लिहितेस, मला ‘चालतोय की’ म्हणणारी माणसं नको आहेत, मला माझी बहीण हवी आहे, कारण ती कशालाच चालतोय म्हणत नाही.

हे वाचून मला बरं वाटलं. म्हणूनच संशय आला.

कारण तू जे लिहिलं नाहीस तेही मी वाचलं. जुना दोर खराब निघाला, तर नवा टाकावा लागेल. नवा टाकायचा तर त्याचं पलीकडचं टोक नीट बांधायला जाणता माणूस पलीकडे हवा. पायवाट बंद असताना पलीकडे जायचं कशावरून? त्या जुन्यावरूनच. ज्याच्यावर भरवसा नाही म्हणून नवा टाकायचा, त्याच्यावरूनच एकदा जायचं. कोणी जायचं, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. पानं उलटसुलट करून बघितली.

आणि अजून एक. तू स्वतः दर आठवड्याला त्या पाळण्यात बसून पलीकडे औषधं नेतेस. हेही पत्रात नाही. व्हॅनवाल्याला मी दुसरा चहा पाजला तेव्हा कळलं. बूट का बघत होता ते कळलं.

तू अशी कशी गं? लहानपणी कारखान्याच्या मागच्या भिंतीवर बाबा प्रत्येक लॉटमधला एक दोर बांधून स्वतः लटकायचे, तेव्हा तू मलापण मलापण करत त्यांच्या मागे लागायचीस. मी खाली उभी राहून गाठी मोजायचे. बाबा वरून ओरडायचे, ही उडी आणि ती चौकशी, दोघींना एकत्र केलं की एक शहाणं माणूस होईल. ते गेल्यापासून त्या भिंतीवर कोणी लटकलेलं नाही. मी नियमच केला. मशीन आहे ना. मी दोर तपासते, दोरावर चढत नाही.

तेव्हा मी सांगते तसं कर. दोराचा हातभर तुकडा कापून व्हॅनवाल्याबरोबर पाठव. मी इथे तोडून बघते आणि काय ते कळवते. तोपर्यंत पाळण्यात बसायचं नाही. ऐकतेयस का? बसायचं नाही.

तुझ्या पत्रापासून मला इथलं काहीच खात्रीचं वाटेनासं झालंय. मुकादमकाका मुलीच्या बाळंतपणासाठी सुट्टीवर आहेत, तर मी परस्पर नवीन पद्धत सुरू केली. एकच बहीण का तपासायची? बाकीच्या कशा आहेत हे तिला काय माहीत? आता मी लॉटमधला प्रत्येक दोर मशीनवर चढवते. तोडत नाही, पण तुटायच्या अलीकडेपर्यंत ताणते. संध्याकाळी हात दुखतात. पण मन शांत राहतं.

१९ ऑक्टोबर

कामावर थोडं बिनसलं. विशेष काही नाही.

तुझी चिठ्ठी पोचली. “तुकडा कापला तर दोर उरेल का गं?” हो, कळलं. दरीवरच्या दोराचा तुकडा मागणारी मी पहिलीच असेन. वस्तीतले लोक हसले असतील. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हसणं आवरा म्हणावं.

व्हॅन ५ नोव्हेंबरला शेवटची वर जाते म्हणतोस, सॉरी, म्हणतेस. मी व्हॅनवाल्याशी बोलते तशी तुझ्याशी बोलायला लागले. मी त्या दिवशी येईन असं धरून चालू नकोस.

तीच तारीख, जेवण झाल्यावर

थोडं बिनसलं म्हणजे काय झालं ते लिहिते. आईनं विचारलं तेव्हा मी डोकं दुखतंय म्हटलं. तिनं डोक्याला बाम लावला. बामाचा वास येतोय आणि खोटं लिहवत नाही.

मुकादमकाका परत आले. आल्याआल्या नातीचे फोटो दाखवले, पेढ्यासारखी आहे म्हणाले, आणि बोलता बोलता टेबलावरचा एक दोर सहज हातात घेतला.  त्यांनी दोर वाकवला, अंगठ्यानं दाबला, मग टेबलावरच्या लांबीच्या खुणेला लावून ठेवला. दोर खुणेच्या पुढे जात होता. दुसरा घेतला. तोही पुढे. सगळा लॉट वाढलेला आणि कडक.

मला सांगायची गरज नव्हती. ताई, मला हे माहीत होतं. बाबांनी पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं, तुझ्यासमोर शिकवलं होतं. तुटायच्या काठापर्यंत एकदा ताणलेला दोर पहिल्यासारखा मागे येत नाही. दिसायला धड, आतून दमलेला. म्हणून तर एकच तोडायचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. जे पोराला कळतं ते मी विसरले नव्हते. मला आठवत होतं आणि तरीही माझा हात मशीनच्या चाकाकडे जात होता. आणखी एकदा, आणखी थोडं. खात्री करून घेऊ.

एक वाईट दोर त्या लॉटमध्ये नव्हता. मी सगळे वाईट केले.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते. ते म्हणाले, “पोरी, हे काच पुसणाऱ्यांकडे जायचे होते.” आणि मग कात्री आणून माझ्या हातात दिली.

दुपारभर मी तो लॉट हातभर तुकड्यांत कापत बसले, चुकूनही कोणी वापरू नये म्हणून. कापताना मला काय वाटलं ते लिहिणार होते. नाही लिहीत. एवढंच विचारते. आईनं रिसीव्हर माझ्याकडे एकदाच धरला, पण तू दर रविवारी विचारलंस ना, आज बोलेल का ती? आई म्हणाली, एकही रविवार चुकला नाही. मी तुझंही हेच करत होते का इतकी वर्षं? आणखी थोडं, आणखी थोडं?

पाळकसाहेबांना यातलं काही सांगू नकोस. ते यावर प्रवचन ठोकतील आणि मला पहिल्या बाकावर बसवतील.

२७ ऑक्टोबर

हे पत्र तुला विचित्र वाटेल. मलाही लिहिताना वाटतंय. मधेच फाडलं तर तुला कळणारही नाही.

आज प्रभुभोजन होतं. मी नेहमीसारखी मागून दुसऱ्या बाकावर, दाराजवळ. आई पुढे. पाळकसाहेब उभे राहिले, भाकर हातात घेतली, ‘हे माझं शरीर’ हे नेहमीचे शब्द म्हणाले आणि मोडली.

मी हे जन्मापासून बघतेय. पण आज तो मोडायचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी ओळखते. रोज ऐकते. माझ्या मशीनवर शेवटी येतो तो. फार मोठा नसतो, लोकांना वाटतं तसा. आणि मी तिथे बसल्या बसल्या, तपासनीस म्हणून, बाई म्हणून नाही, भाविक म्हणून तर मुळीच नाही, एकच गोष्ट बघितली. एकाला क्रुसावर पूर्ण ताणलं. अर्धवट नाही, दाखवण्यापुरतं नाही, तुटेपर्यंत. आणि त्याच्या शब्दावर बाकीच्यांना सांगितलं, जा.

मी देवाला आजवर काय म्हणत आले ते तुला माहीत नाही. मी गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, एकच म्हणते: आधी दाखव. बाबांच्या वेळी म्हटलं, आधी बरे करून दाखव. तू गेलीस तेव्हा म्हटलं, तिला परत आणून दाखव, मग बघू. तो काही दाखवत नाही, म्हणून मी आणखी ताणते. आणि आज मला पहिल्यांदा वाटलं, टेस्ट तर झालेली आहे. माझ्या आधी झाली. मी पुन्हा पुन्हा कसली करतेय?

म्हणजे मला साक्षात्कार वगैरे झाला असं समजू नकोस. उजेड पडला नाही. शेजारच्या काकू खोकत होत्या. आणि लगेच मला संशय आला की हे मला पाहिजे म्हणून सुचतंय, दोराचं डोकं सगळीकडे दोरच बघतं. पण भाकरीचा तुकडा माझ्या हातात आला तेव्हा मी तो उलटून बघितला नाही. नेहमी बघते. आईला विचार.

दुसऱ्या दिवशी हे डोक्यात घेऊनच कामावर गेले आणि काकांना म्हटलं, भिंतीवर दोर बांधा. (होय, वर तारीख रविवारची आहे, पत्र मी मंगळवारी पुरं करतेय. चौकशी करू नकोस, ते खातं माझं आहे.)

काकांनी नवीन लॉटमधला दोर घेतला. मी हात पुढे केला तशी त्यांनी तो मागे घेतला. म्हणाले, “याच्या बहिणीला तू सकाळीच तोडलंस. आता याला हात लावायचा नाही.” मी पट्टा बांधला. गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर टाकून बसले आणि तिथेच बसून राहिले. खाली कामगार जेवणाचे डबे उघडायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, बाईंचं लंच वर पाठवायचं का?

मग उतरले. आणि उतरल्याबरोबर जे करू नये तेच केलं. भिंतीला मिठी मारली. तू खूपदा उतरलीयस म्हणून तुला माहीत असेल, भिंतीला चिकटलं की पाय सटकतात. माझे सटकले. गुडघा फुटला. काका वरून शांतपणे म्हणत होते, मागे रेल. मागे काही नाहीये, काका. तेच सांगतोय, मागे रेल.

ताई, तिथे मला परमेश्वराची सगळी मोठी मोठी नावं विसरायला झाली. प्रभूची प्रार्थना सुरू केली तर दुसऱ्या ओळीच्या पुढे येईना. शेवटी मी नुसतं म्हटलं, “धर.” आधी दाखव नाही म्हटलं. धर म्हटलं. आणि मागे रेलले.

दोर करकरला. पट्टा मांड्यांना रुतला. आणि पाय भिंतीवर सपाट बसले. एकदम घट्ट. मी आडवी, आभाळाकडे तोंड करून, उभी होते. चिकटले होते तेव्हा पडत होते, सोडलं तेव्हा उभी राहिले. असं कसं असतं गं? बाबांनी सांगितलं होतं का तुला? मला का नाही सांगितलं? की सांगितलं, आणि मी गाठी मोजत होते?

भीती गेली नाही. ती माझ्याबरोबर खालीपर्यंत उतरली आणि जेवायलाही शेजारी बसली. पण वरून खाली मला तिनं आणलं नव्हतं. ते मला पक्कं माहीत आहे.

अजूनही मी येतेय असं म्हटलेलं नाही. नीट वाच.

५ नोव्हेंबर, सकाळ

घाईत लिहितेय, व्हॅनवाला हॉर्न वाजवतोय.

काल रात्रभर मी तुझ्याविरुद्धचे मुद्दे काढत बसले होते. भरपूर निघाले. तू मला बहीण म्हणून बोलावतेस की तपासनीस म्हणून, हे अजून तू स्पष्ट केलेलं नाहीस. घाट बंद झाला की वसंतापर्यंत मला खाली येता येणार नाही, हे तू पहिल्या पत्रात किती सोयीस्करपणे एका ओळीत उरकलंस. तिथे काय खातात, झोपायचं कुठे, दोर खराब निघाला आणि नवा बसला नाही तर काय, एकाचंही उत्तर नाही. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी व्हॅनच्या टायरमधली हवा काढली असती.

मी आईला म्हटलं, सांग, हे शहाणपणाचं आहे का? ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, “तुझे बाबा पहिल्यांदा भिंतीवरून उतरले तेव्हा मी पण नाहीच म्हटलं होतं.” आणि उशीखालून स्वेटर काढला. तो राखाडी, कपाटाचा. मी अंगात घातला. खांद्यांत बरोब्बर बसला. मी आरशात स्वतःचे खांदे बघितले. इतके रुंद कधी झाले? आईनं पहिला टाका घातला तेव्हा तुझं पहिलं पत्रही आलं नव्हतं. म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. मला ठाऊकच होतं. फक्त तुझा नवरा असेल असं वाटलं होतं, निघाले माझेच खांदे.

आई हिवाळाभर मावशीकडे राहणार आहे. दोघींनी आत्तापासूनच कोणत्या खिडकीत बसायचं यावरून भांडण सुरू केलंय, म्हणजे ठीक चाललंय.

काकांनी नव्या दोराची मोठी गुंडाळी दिली, तुमच्या दरीला पुरून उरेल. रजेच्या अर्जावर सही केली आणि म्हणाले, “एकच अट. हिला तपासायचं नाही. थेट बांधायची.” हिच्या बहिणीला मी मागच्या आठवड्यात तोडलंय, ती खूप उशिरा तुटली, माझ्या हातानं तुटली, माझ्या डोळ्यांदेखत. तिच्या शब्दावर ही येतेय. मी कोणाच्या शब्दावर येतेय ते तुला गेल्या पत्रात लिहिलं आहे, पुन्हा लिहायला लाज वाटते.

आता मुद्द्याचं. जुना दोर मी तीन दिवस बघणार. हातानं, डोळ्यानं, इंच इंच, जेवढा कड्यावरून दिसतो तेवढा. तुमच्या वस्तीला कंटाळा येईल, येऊ दे. बांधायची बाजू ढिली असेल तर घट्ट करून घेणार. ओझं म्हणून आधी दगड पाठवणार, माणसाच्या वजनाचे, एकदाच, जास्त नाही. आता मला कळलंय जास्त म्हणजे काय. आणि एवढं सगळं करूनसुद्धा दरीच्या मधोमध दोर कसा आहे, ते कोणालाच कळणार नाही. ते कळायला त्यात बसावंच लागतं.

पायवाट बर्फानं बंद झालीच आहे, तर त्यात पहिली मी बसणार. तू नाही. नव्या दोराचं टोक माझ्या कमरेला असेल. तू पुष्कळ वेळा गेली आहेस, मला माहीत आहे. तू माझी मोठी बहीण आहेस, तेही माहीत आहे. आता तोंड उघडू नकोस. तू अलीकडे उभं राहायचं आणि दोर सोडत राहायचं, आणि मी भिंतीला चिकटल्यासारखी पाळण्याची कड धरून बसले दिसले, तर एवढंच ओरडायचं, मागे रेल.

 प्रार्थना केली. दुसऱ्या ओळीच्या पुढेही गेले या वेळी.

हे पत्र मी औषधांच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवतेय. व्हॅनवाला म्हणतो, पोचल्यावर तू आधी खोकं उघडतेस आणि मग माणसांकडे बघतेस. तेव्हा हे वाचून होईपर्यंत मी तुझ्यामागे उभी असेन, आणि तुला जे काही म्हणायचं असेल ते मी ऐकणार नाहीये, मी सरळ दोर बघायला जाईन.

दाराला कुलूप लावलंय. किल्ली मावशीकडे. या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस, ते घ्यायला इथे कोणी नाही.